वाईच दुखतंय म्हणजे किती?

कामं आवरली असतील तर रेडिओजवळ बसा, नसतील तर भाकरी थापत ऐका.

आज एका शब्दाबद्दल बोलायचंय. इंग्रज लोक बोलताना 'अ बिट' म्हणतात. म्हणजे थोडं, जरासं. पण गंमत अशी, की हा शब्द ते बहुतेक नको असलेल्या गोष्टीला लावतात. 'अ बिट' दमले, 'अ बिट' उशीर झाला, असं म्हणतील. 'अ बिट' आनंद झाला, असं सहसा म्हणणार नाहीत. मोठी अडचण बारीक करून सांगायची ही त्यांची रीत.

आपल्याकडं हेच काम 'वाईच' करतो, 'जरा' करतो. आपल्या वळसंग भागात मराठीच्या जोडीला कन्नडही चालतं, तिथं 'स्वल्प' आहे. वाईच थांबा म्हटलं की अर्धा तास गेला. वाईच चहा घ्या म्हटलं की पोहे येणार हे पाहुण्यालाही ठाऊक असतं. तिथं काही बिघडत नाही, उलट बोलण्याला गोडवा येतो. ऐकणाऱ्याला त्या शब्दाचं खरं माप माहीत असतं ना!

माप माहीत नसलं की मात्र घोटाळा होतो. 1951 च्या एप्रिल महिन्यात कोरियाच्या लढाईत इम्जिन नदीजवळ इंग्रजांची एक पलटण चिनी सैन्यानं घेरली. त्यांच्या ब्रिगेडियरनं अमेरिकन जनरलला कळवलं, की इथं परिस्थिती 'अ बिट' अवघड आहे. दुसऱ्या इंग्रजाला कळलं असतं, की आता जिवावर बेतलंय. अमेरिकन माणसाला वाटलं, थोडी ओढाताण असेल, निभावतील. शेकडो सैनिक मारले गेले किंवा पकडले गेले. डोंगरावरून निसटून परत पोचले ते चाळीसेक. सगळं त्या एका शब्दानंच झालं असं मी म्हणणार नाही, लढाईत कारणं पुष्कळ असतात. पण हा किस्सा अजून सांगितला जातो.

आता आपली लढाई बघा. आशाताई दारात येते, कसं आहे विचारते. आपण म्हणतो, "बरं हाय की, वाईच अंगावरनं जातंय." तीन महिने दर पाळीला दहा-दहा दिवस जातंय, पण शब्द 'वाईच'. डॉक्टर शहरातले, नवे. त्यांच्या वहीत काय लिहिलं जाणार? "थोडा त्रास." रक्त कमी असणाऱ्या बाया आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त आहेत, आणि त्यातल्या कितीतरी जणी स्वतःला फक्त 'जरा दमलेल्या' समजतात.

आपण असं का बोलतो? लाज असते. घरात कुणाला खर्चात घालायचं नसतं. रडकी म्हणतील ही भीती असते. कुरकूर न करणारी बाई गुणाची, हे लहानपणापासून कानावर पडलंय. मला विचाराल तर तो गुण दवाखान्याच्या पायरीपर्यंत न्यायचाच नाही.

तिथं मोजून सांगायचं. किती दिवस जातंय? दिवसाला किती कपडे किंवा पॅड बदलावे लागतात? तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, तर थांबायचं नाही, लगेच दवाखाना. घागर घेऊन पूर्वी न थांबता यायचीस, आता किती वेळा टेकतेस? हे सांगितलं की डॉक्टरला नेमकं कळतं.

पोटुशी बाईनं "जरा डोकं दुखतंय, डोळ्यापुढं अंधारी येतीय" म्हटलं तर त्या दिवशीच बीपी मोजून घ्या. 140/90 किंवा वर असलं तर घरी झोपवून ठेवू नका. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर 108 ला फोन करा. आणि फोनवर 'वाईच' म्हणू नका. किती कपडे भिजले, बाई शुद्धीवर आहे का, घर कुठं आहे, एवढंच सांगा.

सासूबाई, जावाबाई, तुम्हीही ऐकताय ना? सून 'जरा' म्हणाली की लगेच पुढचं विचारा: "जरा म्हणजे किती गं? आणि कधीपासनं?"