पाण्यांतला सोमल

सोमलाचें नांव काढलें कीं उंदरांचें विष नाहीं तर वैद्याची मात्रा आठवते. शास्त्रज्ञ ज्याला आर्सेनिक म्हणतात, तें हेंच द्रव्य. तें पिण्याच्या पाण्यांतून रोज पोटांत जात असावें आणि पाणी मात्र आरशासारखें निर्मळ दिसावें, अशी शंका बंगालच्या खेड्यांत कोणालाही आली नव्हती.

गंगेच्या मुखाकडील त्या सपाट प्रदेशांत लोक पूर्वी तळ्यांचें पाणी पीत, आणि त्यांतून पटकी व हगवण पसरे. ती टळावी म्हणून १९७० नंतर तेथें लाखों नळविहिरी खोदण्यांत आल्या. हेतु उत्तम होता. परंतु हिमालयांतून नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळांत लोहाच्या कणांना सोमल चिकटलेला होता. जमिनीखालच्या थरांत प्राणवायु संपला म्हणजे तो सुटून पाण्यांत उतरे. १९८३ सालीं कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात खरखरीत झालेले व अंगावर ठिपके उठलेले रोगी आले, तेव्हां या रोगाचा माग विहिरीपर्यंत लागला. हे डाग उमटावयास वर्षें लागतात. कर्करोग त्याहूनही उशिरां येतो. बांगलादेशांत दूषित विहीर प्रथम १९९३ सालीं सांपडली. पुढें तेथें विहिरी तपासून वाईट पाण्याचे पंप लाल व चांगल्या पाण्याचे हिरवे रंगविले गेले.

लिटरभर पाण्यांत मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्याहून अधिक सोमल नसावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आतां पाणी उकळावें, असें सहज सुचेल. परंतु उकळल्यानें पाणी आटतें आणि विष मागें उरतें. खरा उपाय आपल्या तुरटीच्या जवळचा आहे. तुरटी किंवा फेरिक क्लोराइड पाण्यांत टाकलें म्हणजे कापसासारखे पुंजके तयार होतात, सोमल त्यांना चिकटतो, पुंजके तळीं बसतात, आणि वरचें पाणी वाळूंतून गाळून घेतां येतें.

मात्र येथें एक मेख आहे. सोमल पाण्यांत दोन रूपांनीं वावरतो. एका रूपावर विद्युद्भार असतो व तें पुंजक्यांच्या हातीं चटकन् लागतें. दुसऱ्यावर सहसा भार नसतो, म्हणून तें बहुतांशी निसटून जातें. भूगर्भांतील पाण्यांत हें दुसरेंच रूप पुष्कळदां अधिक असतें. म्हणून आधीं ब्लीचिंग पावडर किंवा परमँगनेट घालून त्याचें पहिल्या रूपांत परिवर्तन करावें लागतें. ही पायरी गाळली तर पाणी स्वच्छ दिसेल, पण विष बरेचसें तसेंच राहील.

बांगलादेशांत याच तत्त्वावर दोन बादल्यांची एक साधी योजना निघाली. वरच्या बादलींत तुरटी आणि परमँगनेट घालून ढवळावयाचें, पाणी निवळूं द्यावयाचें, मग खालच्या बादलींतील वाळूंतून गाळावयाचें. कांहीं घरीं पाणी मर्यादेंत येई, कांहीं घरीं येत नसे. पाण्यांतील फॉस्फेट सोमलाशीं जागेसाठीं झगडतें, हें एक कारण. आणि ज्या गृहिणीला रोज माप घालून ढवळावयाचें, तिला आपल्या श्रमाचें फळ डोळ्यांनीं दिसत नाहीं, हेंही लहान कारण नव्हे. पुढें कुष्टियाकडील रसायनशास्त्रज्ञ अबुल हुसाम यांनीं लोखंडाच्या किसाचा उपयोग करून गाळणें बनविलें. त्यांत गंजच सोमल धरून ठेवतो व रोजचें औषध लागत नाहीं. त्यास २००७ सालीं अमेरिकेंत ग्रेंजर पारितोषिक मिळालें. भांड्यांवर तांबूस डाग पाडणारें पाण्यांतील लोह बायकांना नकोसें वाटतें. पण हवा लागून त्याचा गंज बनला म्हणजे तोही कांहीं सोमल धरून खालीं बसतो.

शेवटीं गाळाचा प्रश्न राहतोच. सोमल नाहींसा होत नाहीं. तो पाण्यांतून निघून गाळांत जातो. बादली विसळून तो गाळ तळ्यांत ओतला, तर तळाशीं प्राणवायु संपतांच लोहाची पकड ढिली होते आणि सोमल पुन्हां पाण्यांत उतरूं लागतो.