तळघरातले पाणी आणि त्याची वाट

पुण्याजवळच्या हिंजवडी, माण, मारुंजीच्या परिसरात जमिनीखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे. कुठे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग पक्का कातळ. तळघरासाठी हा कातळ फोडतात, भिंती उभ्या करतात आणि भिंत व खडक यांच्यामध्ये उरलेली जागा मुरूम-राडारोड्याने भरून टाकतात. पावसाचे पाणी या भुसभुशीत भरावात सहज उतरते; खालच्या अखंड कातळातून मात्र त्याला पुढे जाता येत नाही. अशा वेळी इमारत दगडी हौदात उभी केल्यासारखी होते.

हौदातल्या पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. 1 मीटर पाण्यामागे दर चौरस मीटरवर सुमारे 1 टन, म्हणजे भिंतीबाहेर 3 मीटर पाणी साचले तर तळाशी 3 टनांचा रेटा. हे पाणी बहुधा भिंतीच्या मधून येत नाही. पायाचा स्लॅब आणि भिंत जिथे जुळतात तो सांधा, काँक्रीटचे काम एक दिवस थांबून पुढे सुरू झालेली जागा, केबल आणि पाइप आत शिरतात ती भोके, असे कच्चे दुवे ते शोधून काढते. म्हणूनच आतून वॉटरप्रूफिंगचा रंग लावण्याचा उपाय टिकत नाही. मागून येणारा दाब तो रंग पापुद्र्यासारखा सोडवतो. पाण्याला अडवण्याआधी त्याला जायला वाट द्यावी लागते.

ही वाट बांधकामाच्या वेळीच काढणे सर्वांत स्वस्त. भिंतीच्या बाहेर, तळघराच्या फरशीपेक्षा खालच्या पातळीवर छिद्रांचा पीव्हीसी पाइप उतार देऊन चौफेर फिरवतात. त्याभोवती धुतलेली खडी आणि खडीवर जिओटेक्स्टाइलचे कापड. काळ्या मातीच्या परिसरात हे कापड वाचवणे म्हणजे पुढचा त्रास विकत घेणे. मातीचे बारीक कण काही पावसाळ्यांत पाइप बुजवून टाकतात. पाइप शेवटी संपमध्ये, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यात, सोडतात. भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग आणि सांध्यात वॉटरस्टॉपची पट्टी हवीच.

इमारत उभी असेल तर बाहेरून खणणे बहुतेकदा शक्य नसते. मग आतून, भिंतीच्या कडेने फरशीत अरुंद चर काढून झिरपणारे पाणी संपकडे नेतात. पाणी आत येते, पण पसरत नाही. पार्किंगसाठी हे पुरेसे असते, सामानाच्या खोलीसाठी नाही.

संपमध्ये दोन पंप असावेत, एक चालू आणि एक राखीव, दोन्ही पाण्याच्या पातळीनुसार आपोआप सुरू होणारे. बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर पंप थांबताच पाइपातले पाणी परत खाली येते. सर्वांत घातक चूक विजेची: पंपाचे पॅनेल आणि जनरेटर तळघरातच ठेवले, तर ज्या रात्री पंपाची खरी गरज असते त्याच रात्री ते बुडतात.

झिरपणाऱ्या पाण्यापेक्षा रॅम्पवरून येणारे पाणी कितीतरी वेगाने भरते. 100 चौरस मीटरच्या उघड्या रॅम्पवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5 हजार लिटर पाणी थेट खाली उतरते. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा, वर आणि तळाशी आडवी जाळीची गटारे, शक्य असल्यास छत, एवढे हवे. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले की हा उंचवटा हळूहळू बुटका ठरतो, याकडे सोसायट्यांचे लक्ष नसते. जून 2025 मध्ये हिंजवडीतले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा बुजवलेल्या आणि वळवलेल्या ओढ्या-नाल्यांचा प्रश्न उघड झाला. बाहेरचा नालाच तुंबला असेल तर उपसलेले पाणी फिरून रॅम्पवर येते. पावसाच्या पाण्याचा शोषखड्डाही तळघराच्या भिंतीला लागून नसावा.

पंपांची परीक्षा मे महिन्यात, संपमध्ये पाणी ओतून घ्यावी. जुलैत फरशी ओली दिसली तर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. पाणी प्लास्टिकच्या खाली जमले तर झिरप, वर जमले तर दमट हवेचे दव; त्यावर वायुवीजन हाच इलाज. पावसाळ्यानंतर खडकाच्या भेगांतून काही आठवडे पाणी येत राहणे नवल नाही. पण तळघर मार्च-एप्रिलमध्येही ओले असेल, तर आधी जमिनीखालची टाकी, नळ आणि ड्रेनेजची गळती तपासावी.