पहिली नोकरी : एका पत्राचं उशिरा दिलेलं उत्तर

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीतली वाटचाल’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यांची माफी मागून मी विषय बदलते आहे. आज मी बोलणार आहे नर्सच्या पहिल्या नोकरीबद्दल. ज्या दोघींची ही हकिगत आहे त्या इथेच बसल्या आहेत. दोघींची परवानगी घेतली आहे, नावं मात्र सांगणार नाही.

गेल्या वर्षी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘लेक बी.एस्सी. नर्सिंग झाली. कुठे ओळख असेल तर सांगा.’ त्यावर पंधरा अंगठे आणि वीस नमस्कार पडले. मी उत्साहाने फोन केला. म्हटलं, काळजी करू नकोस, रेझ्युमे मी बनवते. वीस वर्षं मुलाखती घेते आहे, एवढं तर जमेल.

मी तिचा झकास दोन पानी रेझ्युमे केला. ‘टीममध्ये काम करण्याची आवड’, ‘झटपट शिकण्याची तयारी’ वगैरे. नोकरीच्या तीन वेबसाइटवर चढवला, तेवीस ठिकाणी अर्ज केले. दीड महिन्यात दोन फोन आले. दोघांनीही एकच प्रश्न विचारला, ‘अनुभव किती?’ कालच पास झालेल्या मुलीला अनुभव कुठून असणार? शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता सुरू व्हायची तारीख जवळ येत होती. पोरगी मला म्हणायची, “मावशी, माझंच काही चुकतंय का?”

तेव्हा मला आपली दुसरी मैत्रीण आठवली. बारावीनंतर मिरजेला जीएनएम करायला गेलेली. आज ती एका रुग्णालयात मेट्रन आहे. खरं सांगते, इतक्या वर्षांत मी तिला तिच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. फोन केला. रेझ्युमे पाठवला. पाच मिनिटांत तिचा उलटा फोन.

“यातलं पहिलं पान फाडून टाक,” ती म्हणाली. “मला हिची आवड नको. नोंदणी क्रमांक कुठाय?”

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी मिळाली म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. पण महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. नोंदणी झाली होती, पण मी ती दुसऱ्या पानावर तळाला टाकली होती. मेट्रनबाईंनी सगळं नव्याने लिहून घेतलं. वर नोंदणी क्रमांक. मग शिकताना कोणत्या वॉर्डात किती आठवडे काढले, ते रुग्णालय किती खाटांचं होतं, आयसीयू, लेबर रूम, ऑपरेशन थिएटर कुठे कुठे ड्यूटी केली. आणि स्वतःच्या हाताने काय केलं आहे: सलाईनची सुई लावणं, नाकातून नळी घालणं, कॅथेटर, ईसीजी. सगळं एका पानात. “आणि वेबसाइट सोड,” ती म्हणाली. “फाइल घेऊन सकाळी दहाला जायचं. आधी एचआरला नाही, मेट्रन ऑफिसला. वॉर्डात माणूस कमी आहे हे आधी मेट्रनला कळतं.”

मग तिने फोनवरच पोरीची परीक्षा घेतली. “५०० मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यायचंय. सेट २० थेंबांना एक मिलिलीटरचा. मिनिटाला किती थेंब?” मी मोबाइलवर आकडे टाकेपर्यंत पोरगी म्हणाली, “बेचाळीस.” मेट्रनबाई म्हणाल्या, “बरोबर. आता सांग, डॉक्टरांनी रात्री फोनवर इंजेक्शन सांगितलं, नाव नीट ऐकू आलं नाही. काय करशील?” पोरगी अडखळली. “परत विचारायचं. लिहून घ्यायचं, त्यांना वाचून दाखवायचं. ओरडले तर ओरडू देत. मुलाखतीत मला ‘येत नाही, शिकवा’ म्हणणारी मुलगी चालते. सगळं येतं म्हणणारीची भीती वाटते.”

मंडळी, मी पण माणसं निवडते. आमच्याकडे चूक झाली तर रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो. तो परत चालू करता येतो.

पंधरा दिवसांत पुण्यातल्या एका रुग्णालयातून होकार आला. पगार १४ हजार, राहायची सोय, दोन वर्षांचा बाँड. आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा करायची. मी म्हटलं, घेऊन टाक. आमच्या वेळीही बाँड असायचेच. मेट्रनबाईंनी मला गप्प केलं. “बाँडवर सही करायची की नाही ते वाचून ठरवता येईल. मूळ कागद मात्र कुणाकडे ठेवायचे नाहीत. उद्या सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीला बोलावलं तर ही काय दाखवणार? दुसऱ्या राज्यात नोंदणी कशी करणार? कागद अडकले की पोरगी अडकली.”

घरात तीन दिवस वाद झाला. वडील म्हणाले, हप्ता कोण भरणार? त्यांचंही चूक नव्हतं. शेवटी पोरीनेच फोन करून नाही सांगितलं. त्यानंतर पाच आठवडे काहीच आलं नाही. ते पाच आठवडे मला जड गेले, कारण बाहेरून सल्ला देणं सोपं असतं, हप्ता आपल्याला भरायचा नसतो.

मग कराडच्याच एका ८० खाटांच्या रुग्णालयात जागा निघाली. या वेळी प्रश्न पोरीने विचारले. रात्रपाळीला एका नर्सकडे किती रुग्ण? पहिल्या महिन्यात माझ्याबरोबर अनुभवी सिस्टर असेल का? मूळ प्रमाणपत्रं बघून परत देणार ना? उत्तरं मिळाली आणि ती रुजू झाली. पगार २० हजार. हा आकडा काही फार नाही, हेही सांगते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांपेक्षा कमी पगार नको, अशी शिफारस केली होती. मोठ्या रुग्णालयांनी तर सरकारी पगाराच्या जवळपास द्यावा, असं म्हटलं होतं. अंमलबजावणी राज्यांवर सोडली आणि बहुतेक ठिकाणी ती कागदावरच राहिली. पोरगी ड्यूटी सांभाळून एम्सच्या नॉरसेट परीक्षेचा अभ्यास करते आहे. इथे कुणाची मुलगी जीएनएम करत असेल तर लक्षात ठेवा, त्या परीक्षेला जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा पहिली नोकरी धरताना खाटा मोजा.

आता ज्यासाठी विषय बदलला ते सांगते.

पोरगी रुजू झाली त्या दिवशी मी मेट्रनबाईंचे आभार मानायला फोन केला. सहज विचारलं, “तुला गं पहिली नोकरी कशी लागली?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुला पत्र टाकलं होतं की.”

आणि मला आठवलं. २००० साली दिवाळीनंतर माझ्या पुण्याच्या हॉस्टेलवर एक अंतर्देशीय पत्र आलं होतं. माझे काका पुण्यात डॉक्टर. ‘त्यांना माझ्यासाठी एक शब्द टाकशील का? राहायची सोय झाली तर कितीही पगार चालेल,’ असं तिने लिहिलं होतं. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा होती, हे खरं. पण वर्गातली मैत्रीण नर्स आहे आणि तिच्यासाठी काकांकडे शब्द टाकायचा, याचा मला थोडा संकोच वाटला, हेही खरं. मी उत्तरसुद्धा दिलं नाही. पुढच्याच वर्षी मंदी आली, हातात ऑफर लेटर असूनही माझं जॉइनिंग आठ महिने पुढे गेलं. वाट बघणं काय असतं ते तेव्हा कळलं. तरी ते पत्र आठवलं नाही.

ती त्या वेळी चार रुग्णालयांच्या दारात फाइल घेऊन उभी राहिली होती. पाचव्या ठिकाणी एका वयस्कर मेट्रनने तिला आत बोलावून चहा दिला आणि रात्रपाळीला घेतलं. “म्हणून मी दारात उभ्या राहिलेल्या पोरीला परत पाठवत नाही,” ती म्हणाली. “निदान बसवून कागद तरी बघते.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “सोड गं, तेव्हा आपण वीस-एकवीस वर्षांच्या होतो.” तिने सोडलं असेल. मला आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

एक विनंती करून थांबते. आपल्या ग्रुपमध्ये बँकेतले आहेत, एसटीतले आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, मेट्रन आहेत. संघाने एक वही करावी. कोण कुठे काम करतं आणि नव्याने पास झालेल्या मुला-मुलींना कोण वेळ देईल, एवढंच त्यात असू दे. वशिला लावा असं मी म्हणत नाही. कोणता कागद वर ठेवायचा, कोणता कुणाला द्यायचा नाही, आणि कोणत्या दारावर जायचं, एवढं सांगणारं माणूस पहिल्या नोकरीला लागतं. पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला तर अंगठा नको, फोन करा.

वहीतलं पहिलं नाव माझं लिहा. दुसरं मेट्रनबाईंनी लिहायला सांगितलंय.