आमच्या पश्चात याचे कोण?
(वार्षिक सभेतील भाषणाचा सारांश)



डोंगरकड्यासारख्या गावात बौद्धिक दिव्यांग अपत्याच्या आईवडिलांना एकच चिंता ग्रासते : आमच्या पश्चात याचे कोण? निवासी संस्था हे त्यावरील एक उत्तर. परंतु ती संस्था त्याला किती काळ ठेवून घेणार, हे आपण प्रथम विचारावे.

अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. कायद्याने 18 व्या वर्षी बालगृहाचा आश्रय संपतो. ज्याला भूक लागल्याचेही सांगता येत नाही, त्याने त्या दिवशी जावे कोठे? बाबांनी मुलांना दूर केले नाही. अशांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मला त्या मागणीचे मोल अधिक वाटते.

दुसरा प्रश्न रात्रीचा. (चकचकीत फरशी पाहून आपण फार लवकर सुखावतो!) रात्रपाळीस किती काळजीवाहक असतात? अंगावरचे कपडे त्याचेच, की सामाईक ढिगातले? दिलेल्या गोळीची नोंद होते काय? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात दर रुग्णामागे आठवड्याला सरासरी 3,500 पौंड घेतले जात. तरीही 2011 मध्ये छुप्या चित्रीकरणातून तेथील अमानुष छळ उघड झाला. एका परिचारकाने आधीच केलेली तक्रार कोणी मनावर घेतली नव्हती.

म्हणून देणगीदारांस विनंती, की खोलीवर नाव कोरण्याऐवजी एका काळजीवाहकाचे वर्षभराचे वेतन द्यावे; आणि पालकांनी न कळवता भेटीस यावे.