पेटीतला निरोप



आज आपण बोटीवरच्या एका पेटीविषयी बोलू. पेटी म्हणजे मासळीची नव्हे. सरकारी योजनेतून मच्छीमार बोटींवर बसवतात ती, ट्रान्सपॉन्डरची पेटी.

आपले आजे-पणजे दर्यात जात, तेव्हा वाट कशी ओळखीत? दिवसा डोंगराच्या खुणा पाहत. रात्री तारे पाहत. पुढे होकायंत्र आले. मग मोबाईल आला. पण मोबाईलची धाव किती? किनारा दहा-बारा किलोमीटर मागे पडला, की बहुधा टॉवर मिळत नाही. मग बोलणे खुंटले.

2017 साली नोव्हेंबरच्या अखेरीस ओखी वादळ झाले. केरळ आणि तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार तेव्हा खोल दर्यात होते. त्यांना सावध करावे कसे? निरोप पोचवायला साधन नव्हते. पुष्कळ घरांतली कर्ती माणसे परत आली नाहीत.

आता हे साधन झाले आहे. 2019 साली जेमिनी नावाचे यंत्र निघाले. त्यात वादळाची आणि मासळीची माहिती उपग्रहावरून येई. पण बोटीवरून उलट निरोप पाठवता येत नसे. पुढे 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते नव्या योजनेचा आरंभ झाला. देशातल्या 1 लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायचे ठरले. यातून संकटाचा निरोप किनाऱ्याला धाडताही येतो.

मग यात मोबाईलचे काम काय? नीट ध्यानात घ्या. पेटी उपग्रहाचा निरोप घेते. मोबाईल तो अक्षरांत दाखवतो. दोघांमध्ये तार नसते. ब्लूटूथने ती जोडली जातात. मोबाईलवर नभमित्र नावाचे ॲप असते, त्यात निरोप दिसतो. या कामाला टॉवर लागत नाही. मात्र ब्लूटूथचा पल्ला थोडा, काही पावलांचाच. मोबाईल पेटीपासून फार लांब ठेवू नये.

म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक : जोडणी बंदरातच करून पाहा. भर वाऱ्यात ओल्या हातांनी ती जमत नाही.

दोन : मोबाईल पुरता चार्ज करून न्या. पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. मोबाईल बंद पडला, तर अक्षरे दिसणार कुठे?

तीन : होकायंत्र टाकून देऊ नका. मात्र मोबाईल त्याच्या अगदी जवळ ठेवू नका. मोबाईलमधल्या चुंबकाने सुई फिरते आणि दिशा चुकते.

चार : एकट्या तांडेलाच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्या एका खलाशालाही ॲप उघडता आले पाहिजे.

भगिनींनो, तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे दर्यात जातो? खरे आहे. पण बोट सुटण्याआधी "मोबाईल भरला का? पेटीला जोडला का?" एवढे विचारणे तुमच्या हाती आहे. जरूर विचारा.

आणखी एक सांगून आम्ही पुरे करतो. उपग्रह आकाशात आहे, पेटी बोटीवर आहे, मोबाईल हातात आहे. निरोप आला, "वादळ येत आहे, परत फिरा." पण वाचणारा कोणी नाही! मग एवढ्या लांबून आलेला निरोप वाया गेला. उपग्रहापासून मोबाईलपर्यंत यंत्रांनी आणले. तिथून पुढचे काम आपल्या डोळ्यांचे. तेव्हा उद्या रात्री वर्गाला या. येताना शेजारच्या खलाशालाही घेऊन या.