आवाजाची पाळी आधी

घिवलीहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. आज हप्त्याचं काही नाही. आज रेकॉर्डिंगच्या कॉम्प्युटरविषयी.

लग्नातले धवले आम्ही रेकॉर्ड करतो. ज्यांना ते पाठ आहेत त्या आज्या सत्तरीच्या पुढच्या. एकदा गाऊन दमल्या, की पुन्हा गा म्हणायला जीव होत नाही. आणि नंतर ऐकावं तर मध्येच टक्‌-टक्‌, अर्धा शब्द गायब. सगळ्यांचा संशय आधी माइकवर. पण वायर ठीक असेल तर कॉम्प्युटरकडे बघायचं.

कॉम्प्युटर सगळ्या कामांना थोडी थोडी पाळी देत असतो. कागद छापायला क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही. आवाजाची पाळी चुकली, की तेवढा शब्द गेलाच. बोईसरच्या रस्त्यावर ट्रक बाजूला होऊन अँब्युलन्सला वाट देतात, तशी वाट आवाजाला हवी. लिनक्समध्ये ही रिअलटाइम परवानगी. ती सरसकट कुणालाही मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. पुढची पाळी मिळालेला प्रोग्राम बिघडला तर अख्खा कॉम्प्युटर अडवून बसतो.

म्हणून परवानगी गटाला देतात. हो, तिथेही गटच! गटाचं नाव ऑडिओ. उबुंटूवर जॅक हे सॉफ्टवेअर टाकताना रिअलटाइम चालू करू का, असं विचारतात, होय म्हणायचं. मग लिमिट्सच्या फाइलमध्ये ऑडिओ गटापुढे दोन गोष्टी लिहिल्या जातात. आरटीप्रायो 95, म्हणजे पाळीचा मान. आणि मेमलॉक अनलिमिटेड, म्हणजे आवाजाचा मजकूर मेमरीतून हलवून हळू चालणाऱ्या डिस्कवर टाकायचा नाही.

पण फाइल झाली म्हणून बाई गटात आली असं नाही. तिचं नाव घालावं लागतं: सुडो यूजरमॉड, डॅश एजी, ऑडिओ, मग तिचं लॉगिन नाव. सगळं इंग्रजी अक्षरांत. ए लहान, जी मोठा. तो एवढासा ए विसरू नका. ए म्हणजे भर घाला. तो राहिला तर बाई ऑडिओ गटात जाते, पण बाकीच्या गटांतून तिचं नाव कटतं, सुडोचा अधिकारही जातो. रेकॉर्डिंगला बसणाऱ्या प्रत्येकीचं नाव घाला. एकीच्याच लॉगिनवर सगळं ठेवलं, तर ती माहेरी गेली की काम बंद. तेलंगणात जहीराबादच्या भागात 2008 पासून दलित बायका संघम रेडिओ चालवतात, यंत्रं त्याच हाताळतात. मग आपल्याला काय कठीण?

नाव घातल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या, त्याशिवाय लागू होत नाही. मग टर्मिनलमध्ये यूलिमिट, डॅश आर. 95 दिसलं तर झालं. शून्य दिसलं तर नाव गटात गेलं का ते बघा. नंतर पाच मिनिटं नुसतं बोलून रेकॉर्ड करा आणि जॅकच्या खिडकीत एक्सरनचा आकडा बघा. चुकलेल्या पाळ्या तिथे मोजल्या जातात.