एक जनुक उडवलं तर यीस्ट अडलं, दुसरंही उडवलं तर सुटलं

आजचा एपिसोड छोटा आहे. विषय आहे जनुक डिलीट करणं.

कोडिंग करणाऱ्यांना ही युक्ती माहीतच असेल. जुना प्रोजेक्ट गळ्यात पडतो, लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो, एखादं फंक्शन कशाला ठेवलंय ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग ते कमेंट करायचं आणि काय मोडतं ते बघायचं. जीवशास्त्रज्ञ पेशींवर हेच करतात. फक्त त्यांच्याकडे अनडू नसतो.

पाव फुगवणारं यीस्ट घ्या. त्यात साधारण ६,००० जनुकं. नको असलेल्या जनुकाच्या दोन्ही बाजूंशी जुळणारी टोकं असलेला डीएनएचा तुकडा बनवतात, आणि मधे औषधाला दाद न देणारं भलतंच जनुक घालतात. यीस्ट स्वतःच हा तुकडा जुन्याच्या जागी बसवून घेतं. मग वरून औषध द्यायचं. ज्यांच्यात अदलाबदल झाली त्या पेशी जगतात, बाकीच्या खलास. २००२ पर्यंत जवळपास प्रत्येक जनुकासाठी हे करून झालं होतं. त्यातली सुमारे १,१०० उडवली की यीस्ट जगतच नाही. बाकीची उडवली तरी, निदान प्रयोगशाळेच्या आयत्या खाण्यावर, ते आरामात वाढतं.

म्हणजे बाकीची फालतू? थांबा. खाणं बदलून बघा ना!

गॅल७ नावाचं जनुक उडवलेलं यीस्ट ग्लुकोजवर मस्त वाढतं. पण गॅलॅक्टोज साखर घातली की वाढ थांबते. बरं, उपासमार म्हणावी तर शेजारी दुसरं अन्न असलं तरी थांबते! कारण असं: गॅल१ हे जनुक गॅलॅक्टोजला फॉस्फेट चिकटवतं, आणि गॅल७ तो माल पुढे सरकवतं. गॅल७ नसेल तर मधला माल साचतो आणि तोच पेशीला बाधतो.

आता खरी गंमत. त्याच यीस्टमधलं गॅल१ सुद्धा उडवलं, तर ते गॅलॅक्टोज सहन करतं! गॅलॅक्टोज त्याला खाता येत नाही, पण विषारी माल तयारच होत नाही. एक डिलीट केल्यावर बिघडलं आणि दुसरं डिलीट केल्यावर सावरलं. कोडमध्ये असं झालं असतं तर आपण दिवसभर डोकं धरून बसलो असतो.

हे फक्त यीस्टचं नाही. गॅल७ चं भावंड आपल्यातही आहे, त्याचं नाव गॅल्ट. काही बाळं ते बिघडलेलं घेऊनच जन्मतात. दुधातल्या लॅक्टोजपासून गॅलॅक्टोज मिळतं, त्यामुळे आईचं दूधच त्यांना बाधतं. कावीळ, उलट्या, यकृत निकामी होणं, हे सगळं पहिल्या काही दिवसांतच. वेळेत कळलं तर दूध बंद करून सोयाचं फॉर्म्युला देतात आणि जीव वाचतो. पण पथ्य पाळूनही पुढे अनेकांना बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात, कारण थोडं गॅलॅक्टोज शरीर स्वतःच बनवतं. ते कसं बंद करणार?

उलट ज्यांच्यात गॅल१ चं मानवी भावंड बिघडलेलं असतं, त्यांना लहानपणीच मोतीबिंदू होतो, पण यकृत सहसा शाबूत राहतं. यीस्टनं सांगितलं होतं त्याच्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. म्हणून काही संशोधक आता पहिल्या पायरीचं एन्झाइमच औषधानं अडवता येईल का, ते शोधतायत. जनुक न उडवता, फक्त त्याचं काम म्यूट करायचं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा.